धारोष्ण

योरुनने पिंपावरची तिन्ही घोंगडी ओढून बाजूला फेकली, झाकण उचललं आणि कान जवळजवळ बिअरच्या रसाला टेकवला. आतून काही आवाज नाही. एव्हाना फेस पिंपाच्या काठावरून ओघळायला हवा होता, चुलघरभर संत्र्याच्या सालीसारखा वास सुटायला हवा होता. रस आपला काल ओतला तसाच पडून होता, तपकिरी आणि गप्प. तिने दिवा खाली धरला तर त्यात तिला स्वतःचंच तोंड दिसलं.

"एक बुडबुडा नाही," ती म्हणाली.

तिचा भाऊ आर्वे खिडकीखालच्या बाकावर बसला होता. अंगात कोट होता आणि हातात गार झालेली कॉफी, म्हणजे तो बराच आधी येऊन बघून बसला होता.

"माहीत आहे. माझी चूक झाली. रस जास्त गार केला मी. थर्मामीटर वाचण्यात घोळ झाला."

योरुनने दिवा जमिनीवर ठेवला. ठेवला म्हणजे आदळलाच.

आदल्या दिवशी पहाटे पाचपासून तिघं राबली होती. जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या तिनेच बर्फातून ओढून आणल्या होत्या, लाकडं तिनेच फोडली होती. भिजवलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, रस गाळून तो तांब्याच्या हंड्यात चार तास उकळला. मग रस दुधाच्या तीन मोठ्या कॅनमध्ये भरून ते कॅन मागच्या पडवीतल्या दगडी डोणीत उभे केले, तिथे नळीने ओढ्याचं बर्फाळ पाणी सतत वाहत असतं. पुढचं काम बाबांचं. ते बाही सारतात, रसात बोट घालतात, थांबतात, पुन्हा घालतात. गाईच्या आचळातून नुकतं निघालेलं दूध जेवढं ऊन असतं, तेवढा रस ऊन राहिला की ते "काढा" म्हणतात. तेवढाच. त्याहून ऊन नाही, त्याहून निवलेला नाही. मग रस पिंपात जातो, त्यात घरचं विरजण पडतं, वर घोंगडी चढतात आणि सकाळ होईपर्यंत ती कोणी उचलायची नसतात. बासष्ट वर्षं या घरची नाताळची बिअर अशीच होत आली होती. काल ऐन "काढा" म्हणायच्या वेळेला एक मेंढी कुंपणात अडकली आणि योरुनला धावावं लागलं. परत आली तर पिंप झाकलेलं होतं.

"तुझा धंदा काय रे, आर्वे?"

"तुला माहीत आहे."

"सांग ना. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"शीतगृहं," आर्वे म्हणाला.

"अर्ध्या बर्गन शहराचे मासे तू गार ठेवतोस. एक अंश इकडे नाही की तिकडे नाही. त्याचा पगार घेतोस. आणि घरचं एक पिंप तुला सांभाळता येत नाही?"

"चुकतो माणूस."

"चुकतो तो इथे राहणारा माणूस. तू पाहुणा आहेस. वर्षातून दोन दिवस येतोस, ते खिशात ती थर्मामीटरची कांडी खोचून. बासष्ट वर्षं या घरात कोणाला कांडी लागली नाही. तुला बाबांचं बोट पुरत नाही."

आर्वेने कप बाकावर ठेवला. तो साठीचा, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, पण तिच्यासमोर तो लहानपणापासून असाच बसत आला होता, मान खाली घालून, मार संपायची वाट बघत. त्याच्या त्या बसण्याचाही तिला राग आला. तोंडाला तोंड देणारा माणूस असता तर निदान दोन शब्दांत मोकळं होता आलं असतं.

दार ढकलून बाबा आत आले. ब्रिन्युल्फ, वय शहाऐंशी, पाठ अजून ताठ. कोणाला काही विचारलं नाही. सरळ पिंपापाशी गेले आणि आत बघत उभे राहिले. खूप वेळ.

"मी गार केला, बाबा," आर्वे म्हणाला. "थर्मामीटरचा घोळ."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ते आपला उजवा हात पँटीवर घासत राहिले.

"असू दे," ते म्हणाले. "होतं कधी कधी."

हे मात्र योरुनला सहन झालं नाही. ती एकवीस वर्षांची असताना एकदा हंड्याखालचा विस्तव तिच्याकडून विझला होता. त्यावर बाबा तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते. आणि लाडक्या लेकाने विरजणाची अख्खी बरणी मातीत घातली तर, होतं कधी कधी.

"कधी होतं?" ती म्हणाली. "बासष्ट वर्षांत कधी झालं? शनिवारी लोक येणार आहेत, बाबा. आज गुरुवार आहे."

शनिवारी पिंप उघडायचं होतं. त्या दिवशी खोऱ्यातल्या सातही घरची माणसं न बोलावता येतात आणि पहिला वाडगा बाबांच्या हातून घेतात. बिअर जमली नसेल तर कोणी तसं म्हणत नाही. वाडगा हळूच खाली ठेवतात आणि हवेविषयी बोलू लागतात. आणि म्हाताऱ्या माणसाची बिअर एकदा बिघडली की पुढच्या वर्षी त्याला आदराने बाकावर बसवतात आणि हंड्यापाशी दुसराच कोणीतरी उभा राहतो. पलीकडच्या घरच्या म्हाताऱ्याचं असंच झालं होतं. बाकावर बसल्यावर तो दोन हिवाळे काढू शकला नाही.

"बघ काय करता येतं ते," बाबा म्हणाले आणि बाहेर गेले.

*

योरुनने आधी रस ऊन करून बघितला. दोन पत्र्याच्या डब्यांत उकळतं पाणी भरून, झाकणं घट्ट लावून ते पिंपात सोडले आणि वर पुन्हा घोंगडी टाकली. गारठलेलं विरजण उबेने जागं होतं. तिने दुसऱ्यांच्या घरी असं चारदोनदा झालेलं पाहिलं होतं, आणि दर वेळी तास-दोन तासांत पृष्ठभागावर पांढरे ठिपके धरले होते. अकरा वाजता तिने डबे बदलले. साडेबाराला पुन्हा बदलले. ठिपका नाही. तिने पळीने तळ ढवळून बघितला. वर आला तो करडा, मेलेला गाळ.

मग तिने बूट चढवले आणि शेजारच्या ओलाउगकडे गेली.

विरजण मागायला जायची पाळी या घरावर कधी आली नव्हती. लोक यांच्याकडे मागायला यायचे. ओलाउगचं विरजणही मुळात इथूनच गेलेलं होतं, वीस वर्षांपूर्वी. ओलाउगने तळघरातून बरणी वर आणली, टेबलावर ठेवली आणि लगेच हात सोडला नाही.

"ब्रिन्युल्फचं विरजण लागलं नाही? नाताळ रद्द झाला म्हण की."

"आर्वेने गार केलं."

"त्या मासेवाल्याने?"

"त्यानेच. थंडीनं मेलं सगळं."

ओलाउग हसली. सत्तरीची विधवा, दात नवे, जीभ जुनीच.

"थंडीनं? अगं, ही बरणी माझ्या तळघरात असते. गेल्या फेब्रुवारीत दगड झाला होता तिचा. मेमध्ये घातलं तर पिंपाबाहेर उतू गेलं, मला जमीन पुसावी लागली. थंडीनं ते झोपतं, योरुन. मरतं कधी?"

योरुनने बरणी घेतली आणि कोटाच्या आत धरली.

"घाईत आहे मी," ती म्हणाली.

परतीची वाट चढणीची होती. ओलाउगने नवीन काहीच सांगितलं नव्हतं. थंडीनं विरजण झोपतं आणि चटक्यानं मरतं, हे या खोऱ्यात चालायला लागलेल्या पोरालाही कळतं. योरुन सकाळपासून त्याच हिशेबाने डबे सोडत होती, आणि तरी तोंडाने थंडी, थंडी म्हणत होती. रागात डोकं असंच चालतं. ती अर्ध्या चढावर थांबली. म्हणजे आर्वे खोटं बोलला होता. रस गार केला नव्हता त्याने, तो निवायच्या आत काढला होता. आणि ते कबूल करायचीही त्याच्यात धमक नव्हती. या विचाराने तिचे पाय पुन्हा भराभर पडू लागले.

*

चुलघरात आर्वेने कालचा रस पुन्हा हंड्यात चढवला होता. तो नासायच्या आत उकळून घ्यायला हवाच होता. आर्वे स्वतः दिसत नव्हता, मागे लाकडांचा आवाज येत होता. बाबा पिंप घासत होते. शेजारी पाण्याची बादली, बादलीत जुनिपरची जुडी. ते कोपरापर्यंत हात बादलीत घालत, जुडी पिळून काढत आणि पिंपाच्या आतल्या बाजूने फिरवत.

"मिळालं का?" त्यांनी विचारलं.

"मिळालं."

"ओलाउग काय म्हणाली?"

"काय म्हणणार? हसली."

बाबांनी मान हलवली. हात पुन्हा बादलीत गेला आणि तिथेच राहिला. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"आर्वेने पाणी कोमटच आणलंय," ते कुरकुरले. "लाकूड धुवायला उकळतं लागतं. किती वर्षं सांगतोय."

बादलीतून वाफ येत होती. ती त्यांच्या दंडाभोवतीने वर चढत होती आणि खिडकीच्या काचेवर धरत होती. योरुन जवळ गेली. बाबांचा हात बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत लालबुंद झाला होता.

"द्या, मी घासते," ती म्हणाली.

"कशाला?"

"तुम्ही विरजण बघून घ्या. बरणीचा वास बघा. मला ओलाउगवर भरवसा नाही."

बाबांनी हात बाहेर काढला, झटकला आणि बरणीकडे वळले. योरुनने बादलीत बोट बुडवलं आणि त्याच क्षणी मागे घेतलं. ते तिने तोंडात घातलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सप्टेंबरपासून बाबांच्या हातून तीन कप फुटले होते. लक्ष कुठे असतं तुमचं, असं ती तिन्ही वेळा म्हणाली होती. ऑक्टोबरात अंगठ्यावर हा एवढा फोड आला होता. शेगडीला हात लावायचं वय आहे का तुमचं, म्हणत तिने त्याला पट्टी बांधली होती. रोज सकाळ-संध्याकाळ ती याच माणसासमोर जेवत होती. घर सोडून न गेलेली ती, बाबांचं सगळं बघणारी ती. आणि तिला दिसलं नव्हतं. दोन दिवसांसाठी आलेल्याला दिसलं होतं.

ती मागच्या दाराने लाकडांच्या खोपीत गेली. आर्वे ओंडके रचत होता.

"कधी कळलं तुला?"

आर्वेने ओंडका खाली ठेवला. कशाबद्दल, असं विचारायचं सोंग त्याने केलं नाही, तेवढं एक बरं केलं.

"काल. त्यांनी 'काढा' म्हटलं तेव्हा कॅनच्या कडीला माझा हात टिकत नव्हता. कांडी घातली. बावन्न."

"बावन्न," योरुन म्हणाली. "चाळीसला घालायचं ते बावन्नला घातलंत. आणि तू बघत राहिलास."

"म्हटलं मी. बाबा, अजून ऊन आहे. तर म्हणाले, चुलघरात एकच तोंड चालतं. मग मी कॅन उचलला."

"उचललास."

"तू नसता उचलला?"

हे विचारायला नको होतं. चुलघरात एकच तोंड, हे दोघांनी चालायला शिकण्याआधी शिकलेलं होतं. त्या खोलीत बाबांना 'नाही' म्हणण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात आली नव्हती, तिच्याही नाही. हे तिला कळलं, आणि त्याचा राग वेगळाच आला.

"मला का नाही सांगितलंस? सकाळपासून मी तुला वाटेल ते बोलतेय."

"तू काय केलं असतंस, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या हातून काढून घेतलं असतंस. तिथल्या तिथे."

"घ्यायलाच हवं. हात भाजून बसतील ते, आर्वे. घर पेटवतील. आज मी सांगणार आहे त्यांना. सरळ. तुझ्यासारखं नाही, कांडीवर ढकलून पळायचं."

"सांग," आर्वे म्हणाला. "तू सांग. मला नाही जमणार."

*

तीनच्या सुमाराला रस उकळून झाला. बाहेरचा उजेड निळसर होऊ लागला होता. त्यांनी तिन्ही कॅन भरून डोणीत उभे केले, नळीचं पाणी सोडलं, आणि आर्वे लांब काठीने एकेका कॅनमधला रस ढवळत राहिला. बाबा तिपाईवर बसले. योरुन बरणी कोटात धरून पडवीच्या खांबाला टेकून उभी होती. तिने वाक्य तयार ठेवलं होतं. बाबा, तुमच्या हाताला ऊन कळत नाही. एवढंच. पुढचं पुढे.

मग बाबा उठले. बाही सारली. पहिल्या कॅनमध्ये बोट घातलं, थांबले. दुसऱ्यात घातलं, तिसऱ्यात घातलं. परत पहिल्याकडे आले.

"काढा," ते म्हणाले.

एरवी हा शब्द गोठ्यापर्यंत ऐकू जायचा. आज तो जेमतेम डोणीच्या या काठापर्यंत आला. आर्वेची काठी थांबली. त्याने योरुनकडे बघितलं. कॅनच्या तोंडातून वाफेचा लोट निघत होता, तो बघून सांगायला बोट लागत नव्हतं आणि कांडीही लागत नव्हती. आर्वेने कडीला हात घातला.

योरुनने तोंड उघडलं.

"हात काढ त्या कॅनवरून," ती म्हणाली. "आर्वे, तुला सांगतेय."

"का?"

"कालचं पुरलं नाही का? आधी मला उत्तर दे."

"कशाचं?"

"कशाचंही दे. छपराचं दे. दोन वर्षं म्हणतोयस, येतो आणि गोठ्याचं छप्पर करतो. गेल्या हिवाळ्यात त्यातून बर्फ आत पडत होता. मी शिडीवर एकटी चढले, पंचावन्नाव्या वर्षी. कुठे होतास तू?"

आर्वे गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्या हातातल्या बरणीकडे बघितलं, कॅनकडे बघितलं, आणि कडी सोडली. काठी पुन्हा फिरू लागली, आधीपेक्षा जोरात.

"कामात होतो," तो म्हणाला.

"कामात. डोंगरावरून मेंढ्या उतरवायच्या असतात तेव्हा कामात. गवत कापायचं असतं तेव्हा कामात. मेंढा कापून झाला की मग बरा मोकळा होतोस, खारवलेलं मटण न्यायला."

"तू देतेस म्हणून नेतो."

"दिलं नाही तर म्हणशील बहीण कंजूष. सात घरांत सांगत फिरशील."

"रस," बाबा म्हणाले.

"थांबा बाबा, आमचं बोलणं चाललंय."

चुलघरात किंवा डोणीपाशी असं कोणी बाबांना कधी म्हटलं नव्हतं. बाबा उभ्याउभ्याच तिच्याकडे बघत राहिले आणि मग हळूहळू तिपाईवर बसले.

"आणि येतोस तेव्हा तरी काय करतोस? बाकावर बसतोस. कॉफी पितोस. मी तुझ्यासमोर पाणी आणतेय, लाकडं आणतेय आणि तू बसलेला."

"बसू नको तर काय करू?" आर्वे म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "मी कुऱ्हाड उचलली की तू म्हणतेस राहू दे, तुझ्या पाठीला झेपणार नाही. बादली उचलली की म्हणतेस सांडशील. ताट धुवायला घेतलं तर हातातून ओढून घेतेस. तीस वर्षं मला या घरात पाहुण्याचा कप मिळतो, योरुन, ती निळ्या काठाची कपबशी. तुला मदत नको असते. आपण किती करतो ते बघायला तुला कोणीतरी हवं असतं."

हे वेळ काढायला बोललेलं नव्हतं. योरुनला ते थेट लागलं.

"म्हणजे माझंच चुकलं," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"मी राहिले ते चुकलं. मला बर्गनमध्ये शिवणाच्या शाळेत जागा मिळाली होती, तुला आठवतं का? आठवत नसेल. तू तेव्हा आधीच पोचला होतास तिथे. दोघांपैकी एकाला राहायला हवं होतं, आणि कोणी ते, हे तू मला विचारलं होतंस का? एकदा तरी? तू बॅग भरलीस. बॅग भरणाऱ्याला विचारावं लागत नाही, ज्याची भरायची राहते त्याच्या गळ्यात पडतं सगळं."

"नाही विचारलं," आर्वे म्हणाला. तो रसाकडे बघत होता. काठी फिरतच होती. "घाबरलो होतो, तू जाते म्हणशील म्हणून. तू गेली असतीस तर मला राहावं लागलं असतं."

योरुनला वाटलं होतं, छत्तीस वर्षांनी हे ऐकलं की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. तिने बरणी आणखी घट्ट धरली. तिने आणखी बरंच काढलं. डिसेंबरमधली कार्डं काढली, त्यावर त्याच्या बायकोच्याच अक्षरात घातलेली दोघांची नावं काढली. विकलेल्या वरच्या कुरणाचं काढलं. बोलता बोलता ती आईपर्यंत येऊन पोचली आणि गप्प झाली.

आईचं तिने नऊ वर्षांत कधी काढलं नव्हतं. आई नऊ दिवस दवाखान्यात होती आणि रोज आर्वेबद्दल विचारत होती. आर्वे दहाव्या दिवशी, ती गेल्यावर आला, कारण बर्गनमध्ये एक शीतगृह बंद पडलं होतं आणि मासे खराब होणार होते. तेव्हा योरुनने त्याच्यासाठी दार उघडलं होतं, कॉफी केली होती, निळ्या काठाच्या कपबशीतून दिली होती. एक शब्द बोलली नव्हती. ते बोललं तर त्या दोघांत काय उरेल, याची तिला खात्री नव्हती.

आता बोलायला तेवढं एकच उरलं होतं. नळीचं पाणी डोणीत पडत होतं. आर्वेने काठी बाजूला टेकवली, कॅनमध्ये बोट घातलं आणि तिच्याकडे बघून किंचित मान हलवली. नाही. अजून नाही.

बाबा तिपाईवरून उठले. ते मधल्या कॅनपाशी गेले. हात त्यांनी पाठीमागे बांधले होते, एका मनगटाला दुसऱ्या हाताने धरून. ते वाकले आणि त्यांनी गाल वाफेवर धरला. दाढीचे पांढरे खुंट ओले झाले. ते बराच वेळ तसेच राहिले, डोळे मिटून. मग सरळ झाले, जाऊन तिपाईवर बसले आणि कोणाकडेही बघितलं नाही.

"ऊन आहे," ते म्हणाले. "अजून थोडं भांडा."

योरुनने आर्वेकडे बघितलं. आर्वेने काठी उचलली आणि पुन्हा ढवळायला लागला, हळूहळू, तळापासून.

"आईचं राहिलंय," तो म्हणाला. "ते बोल."